रोपांची परीक्षा मे महिन्यात

वनमहोत्सवाचा आठवडा आला की छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतल्या मोकळ्या जागांवर मांडव पडतो, खुर्च्या लागतात आणि काळ्या पिशव्यांतली रोपे ओळीने येऊन बसतात. पाहुणे उशिरा येतात. आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात रोप ठेवले जाते, सहा-सात हात एकाच फावड्याला लागतात, फोटो निघतो. घाईत कधी कधी पिशवीसुद्धा काढायची राहते. तिच्यात मुळे गोल गोल फिरत राहतात आणि दिवाळीपर्यंत झाड का वाळले याचे कोडे कोणालाच उलगडत नाही.

1950 साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी हा उत्सव सुरू केला. गेल्या पाऊणशे वर्षांत लावलेली सगळी रोपे जगली असती, तर मराठवाड्यात उन्हाळ्यात सावली शोधत फिरण्याची वेळ आली नसती. राज्य सरकारने 2016 मध्ये दोन कोटी, 2017 मध्ये चार कोटी, 2018 मध्ये तेरा कोटी आणि 2019 मध्ये तेहतीस कोटी वृक्षलागवडीचे संकल्प सोडले. आकडा दरवर्षी फुगत गेला. आदल्या वर्षीची किती जगली, हे विचारायला मात्र 2021 मध्ये विधिमंडळाची समिती नेमावी लागली. लावणाऱ्यांचा उत्साह खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण लावणे हेच काम आणि मोजणे हाच शेवट, ही सवय सरकारची आणि तिच्यामागोमाग संस्थांचीही झाली.

म्हणूनच खाम नदीच्या काठावर झालेले काम आज आठवावेसे वाटते. 2021 मध्ये तेव्हाचे पालिका आयुक्त आस्तिककुमार पांडेय यांच्या कारकिर्दीत महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक उद्योगसमूह आणि इकोसत्त्व ही शहरातली पर्यावरण संस्था असे चौघे एकत्र आले. लोखंडी पुलाच्या बाजूने काम सुरू झाले, तेव्हा तिथे रोप लावायला जागाच नव्हती. काठावर राडारोडा, फाटक्या गाद्या, प्लास्टिकचे थर आणि त्यामधून वाहणारे काळे पाणी. पुलावरून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावून पुढे सरके आणि निर्माल्याची पिशवी मात्र न विसरता खाली टाकी. आधी हा कचरा उचलला गेला, काठ दगडांनी बांधून घेतला, लोकांना श्रमदानाला बोलावले, शाळेच्या मुलांना नदी दाखवली. झाडांची पाळी त्यानंतर आली. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. ज्या शहराचा ओला-सुका कचरा वेगळा होत नाही, त्याची हिरवाई फार तर दुभाजकापुरती राहते. पुढे जागतिक पातळीवरच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या रॉस सेंटर पुरस्काराच्या अंतिम यादीत खामचे नाव आले, तेव्हा शहरातल्या अनेकांना ही नदी आहे हेच पहिल्यांदा कळले असावे. इतकी वर्षे आपण तिला नालाच म्हणत होतो.

आणि हा नाला जातो कुठे? हर्सूल तलावाकडून शहरात शिरून, पाणचक्कीला वळसा घालून, छावणीच्या अंगाने वाहत खाम शेवटी गोदावरीला, म्हणजे जायकवाडीच्या नाथसागराला मिळते. त्याच नाथसागराचे पाणी शुद्ध करून आपल्या नळाला येते. पुलावरून सोडलेल्या पिशवीतला ऐवज फिरून कोणाच्या घरी परततो, हे वेगळे सांगायला नको. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी या शहरात आणले. त्याच्या वारसांनी नदीत सांडपाणी आणले.

सगळे सुधारले असेही नाही. पावसाळ्यात खामला पूर आला की दुसऱ्या दिवशी काठच्या झाडांवर पिशव्यांच्या पताका लागलेल्या असतात. नाल्यांतून येणारे सांडपाणी वरच्या वस्त्यांत थांबत नाही, तोवर खालच्या स्वयंसेवकांनी किती शनिवार-रविवार खर्च करायचे याला मर्यादा आहे. तिथून पुढे जबाबदारी महापालिकेचीच आहे आणि ती तिने कोणा संस्थेच्या गळ्यात घालू नये.

रोपे लावण्याच्या कार्यक्रमात पाण्याचा विषय कोणी काढत नाही. इथला पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बहुतेक चार महिन्यांत पडून जाणारा. हातभर मातीखाली मुरूम, मुरुमाखाली काळा दगड. पहार मारली की ठिणगी उडते. अशा जमिनीत उन्हाळ्यातच खड्डा खणून तापू द्यावा लागतो. शेणखत आणि निंबोळी पेंड घालून माती भरावी लागते, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाला पाणी द्यावे लागते. ज्या शहरात घरच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथे कोण कुठल्या रोपाला घागर घेऊन जाईल? उत्तर कांचनवाडीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात आहे. तिथे शुद्ध होणारे पाणी पिण्याच्या कामाचे नसले तरी झाडांना चालते. प्रत्येक वृक्षारोपणाच्या परवानगीसोबत या पाण्याच्या टँकरची पुढच्या तीन उन्हाळ्यांची तारीखवार हमी महापालिकेने द्यावी. ती देता येत नसेल, तर परवानगीही देऊ नये.

दुसरा शत्रू चार पायांचा. छावणीचा गुरुवारचा बाजार जनावरांसाठी प्रसिद्ध आहे आणि बाजाराच्या वाटेवरच्या कोवळ्या शेंड्यांना शेळी कधी नाही म्हणत नाही. लोखंडी जाळी लावली तर भंगारवाला नेतो. बाभळीच्या काट्यांचे कुंपण कोणी नेत नाही, फुकट मिळते आणि शेळीलाही समजते.

छावणीला हे सगळे शिकायला दूर जावे लागत नाही. ब्रिटिश काळात वसलेल्या या भागात आज जे कडुनिंब, चिंचा आणि वड आहेत, ते लावणाऱ्यांचे फलक कुठे दिसत नाहीत. त्यांच्या सावलीत तीन-चार पिढ्या बसून गेल्या. शेजारीच नागसेनवन आहे. बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालयासाठी माळरान निवडले आणि तिथे झाडी उभी राहिली. माजी सैनिकांची 136 इको बटालियन 2017 पासून याच शहरात आहे. वर्दीतली ही माणसे रोप लावतात आणि नंतर त्याची राखण करतात. एखाद्या संस्थेला जगवण्याचे तंत्र शिकायचे असेल, तर व्यासपीठावर बोलावण्याऐवजी त्यांच्यासोबत एक दिवस पहार हातात घ्यावी.

छावणीचा नागरी भाग महापालिकेत सामील करण्याची चर्चा काही वर्षे चालू आहे. विलीनीकरणाच्या कागदांत रस्ते, दिवे, कर आणि कर्मचारी यांची यादी होईल. त्या यादीत जुन्या झाडांनाही एक पान मिळाले पाहिजे: कुठले झाड, कुठे, अंदाजे किती वयाचे. हस्तांतर होताना ज्याची नोंद नसते, त्यावर पुढे रस्तारुंदीची रेघ सहज ओढली जाते. 2021 च्या दुरुस्तीने राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला आहे. छावणीतल्या किती झाडांना तो लागू होईल, याची मोजणी इकोसत्त्वसारख्या संस्थेने आणि शाळा-महाविद्यालयांनी मिळून एका सुट्टीत करण्याजोगी आहे. पाचशे नवी रोपे लावण्यापेक्षा हे काम कमी फोटोंचे आहे आणि जास्त उपयोगाचे.

या आठवड्यात कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने यंदाच्या रोपांचा आकडा सांगण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या जगलेल्या रोपांचा आकडा त्याच व्यासपीठावरून सांगावा. वाचकांनीही निमंत्रण आले की तेवढाच एक प्रश्न विचारावा. उत्तर मिळाले नाही तर कार्यक्रमाला जाऊ नये. त्या वेळात आपल्या गल्लीतल्या वाळत चाललेल्या झाडाचे आळे करून घ्यावे.