अंघोळीच्या चार्टवरची सही



गेल्या महिन्यात आमच्या रुग्णालयात भिंतीवर एक कागद लागला. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना रोज जंतुनाशक अंघोळ देण्याचा नियम परिचारिका पाळत नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. खाली प्रत्येक ड्यूटीची टक्केवारी आणि कमी आकड्यांपुढे लाल खूण. त्यातली एक खूण माझ्या ड्यूटीची होती. सव्वीस वर्षं मी हे काम करते आहे. भिंतीवरच्या कागदाला भिंतीवर उत्तर देता येत नाही, म्हणून इथे देते.

‘अंघोळ’ म्हटलं की बायकांचं किरकोळ काम वाटतं, म्हणून आधी ती काय असते ते सांगते. अतिदक्षता विभागातल्या अनेक रुग्णांच्या मानेतून किंवा जांघेतून मोठ्या रक्तवाहिनीत नळी घातलेली असते. कातडीवरचे जंतू त्या वाटेने रक्तात उतरू शकतात. म्हणून क्लोरहेक्झिडिनच्या २ टक्के द्रावणात भिजवलेल्या फडक्यांनी अंग पुसायचं. डोळे-कान टाळून जबड्याखालून सुरुवात करायची. मान, काखा, स्तनांखालची घडी, जांघा, बोटांच्या बेचक्या, काही सुटता कामा नये. नंतर पाण्याने धुवायचं नाही, तसंच वाळू द्यायचं. वरून नेहमीचा साबण लावला तर औषधाचा जोर जातो.

याचा उपयोग होतो का? २०१३ साली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांच्या नऊ विभागांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णालयात होणारा रक्ताचा संसर्ग २८ टक्क्यांनी कमी आढळला. २०१५ साली तिथल्याच दुसऱ्या एका रुग्णालयातल्या अभ्यासात फरक दिसला नाही. तज्ज्ञांचा वाद चालू राहो. मी अंघोळीच्या बाजूची आहे. माझं भांडण आहे ते ‘परिचारिका पाळत नाहीत’ या वाक्याशी.

व्हेंटिलेटरवरच्या माणसाला कुशीवर वळवायला दोघी लागतात. एकीने नळ्या सांभाळायच्या, दुसरीने पुसायचं. नीट केलं तर एका रुग्णाला अर्धा तास जातो. अतिदक्षतेत एका रुग्णामागे एक परिचारिका हवी, असं प्रमाण आपल्याकडे कागदावर आहे. आमच्याकडे रात्री आम्ही दोघी आणि रुग्ण सात. म्हणजे दोघींचे मिळून सलग साडेतीन तास, आणि तेवढ्या वेळात कुणाचा रक्तदाब घसरायचा नाही, कुणाचं सलाईन संपायचं नाही, दारात नवी स्ट्रेचर यायची नाही. हा हिशेब त्या कागदावर नव्हता.

आता माझा गुन्हा सांगते. काही वर्षांपूर्वी तीन नंबरच्या खाटेवर बाळंतपणातल्या रक्तस्रावाने अत्यवस्थ झालेली एक बाई होती. पहाटे पाच नंबरचा रुग्ण कोसळला. आम्ही दोघी त्याच्यापाशी, उजाडेपर्यंत. तिची अंघोळ राहिली. सकाळी चार्ट पूर्ण हवा होता, म्हणून मी ‘दिली’ लिहून सही केली. चौथ्या दिवशी तिला थंडीताप भरला, रक्तात जंतू सापडले. त्या एका अंघोळीने ते टळलं असतं असं मी म्हणू शकत नाही. टळलं नसतं, असंही म्हणू शकत नाही. ती वाचली, पण आणखी अठरा दिवस तिला तिचं बाळ जवळ घेता आलं नाही.

चौकशी झाली. चार्ट बघितला गेला. अंघोळ झाली होती, सही होती, प्रकरण मिटलं. रात्री दोघीच का होत्या, हे कुणी विचारलंच नाही. विचारायला कागदावर काही उरलंच नव्हतं. नोकरी वाचवायला केलेली माझी खोटी सही व्यवस्थेच्याच कामी आली.

दोष आमचाही आहे, आणि तो सहीपुरता नाही. औषध, इंजेक्शन सिस्टरने द्यायचं आणि घाण पुसायची ती मावशीने, ही उतरंड आम्हीच जपली. त्या उतरंडीत जात आहे, हे आपण तरी नाकारू नये. मावशी कंत्राटावर. फडकं कसं वापरायचं, पाणी का लावायचं नाही, हे तिला कुणी शिकवत नाही. साध्या वॉर्डात तर मावशीही नसते. तिथे रुग्णाचं अंग पुसते बायको, सून नाहीतर मुलगी. मुलगा फळं घेऊन येतो.

केईएममधल्या अरुणा शानबाग आठवा. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला. मे २०१५ मध्ये त्या गेल्या. इतकी वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना न्हाऊमाखू घातलं, कुशी बदलल्या. अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण झाले नाहीत, याची दखल २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घेतली. सगळ्यांनी त्याला माया म्हटलं. माया होतीच, पण ते कौशल्यही होतं, श्रमही होते. आपण ‘माया’ म्हणून गप्प बसलो की त्या श्रमाला माणसं नेमायची गरज कुणाला वाटत नाही. घरकामाबद्दल हे आपण किती वर्षं सांगतो आहोत! रुग्णालयाच्या दारात आल्यावर ते का विसरतो?

म्हणून मागण्या साध्या आहेत. अंघोळीच्या टक्केवारीशेजारी त्या ड्यूटीवर किती परिचारिका आणि किती रुग्ण होते, तेही लावा. मावशींना कायम करा आणि आमच्याबरोबर बसवून शिकवा. फडकी, पडदा, मदतीचे हात द्या. आणि ‘दिली नाही’ असं खरं लिहिणारीला शिक्षा करू नका.

मी तसं लिहायला लागले आहे: ‘अंघोळ दिली नाही. ड्यूटीवर दोघी, रुग्ण सात.’ मला मेमो मिळाला आहे. एकटीने लिहिलं की मेमो मिळतो; प्रत्येक ड्यूटीवर प्रत्येकीने लिहिलं तर किती जणींना देणार? आरोग्यावर काम करणाऱ्या गटांनी पुढच्या वेळी रुग्णालयात गेल्यावर औषधांच्या साठ्याबरोबर एवढंही विचारावं: काल रात्री इथे किती जणी होत्या?

– एक परिचारिका