पहारा संगणकाचाही हवा

दिवाळीच्या सुट्टीत मी जयपूरला होतो. बाबांच्या बदलीमुळे आमचे घर सध्या तिथे बनी पार्कमध्ये आहे. एका दुपारी साताऱ्याहून आजोबांचा फोन आला. आजोबा निवृत्त सुभेदार. त्यांना कोणीतरी फोनवर सांगितले होते, "तुमची पेन्शन अडकली आहे. एक ॲप घ्या, त्यातला नऊ आकडी नंबर सांगा, मी इथूनच दुरुस्त करतो." आजोबांनी "आधी नातवाला विचारतो" म्हणून फोन ठेवला होता.

गंमत अशी, की त्याच संध्याकाळी मी आजोबांचा संगणक बनी पार्कमधून हाताळला. 'स्पर्श'च्या संकेतस्थळावरून त्यांना पेन्शनची पावती काढायची होती. साधन मला आणि त्या भामट्याला एकाच जातीचे लागत होते. मग सुरक्षित साधन निवडायचे कसे?

मित्रांनो, आपण नावावर जातो, तिथेच चुकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'एनीडेस्क'चे नाव घेऊन बँकांना सावध केले. ते ॲप मदतीसाठीच बनवलेले आहे. पण एकदा नंबर सांगून परवानगी दिली, की चोराला आपल्या पडद्यावरचा ओटीपीसुद्धा दिसतो. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने आपल्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचे जाहीर केले आणि ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितले. म्हणजे नावाजलेल्या साधनालाही तपासणी चुकत नाही.

माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, दर वेळी मालकाची परवानगी लागते का? विंडोजमधल्या 'क्विक असिस्ट'मध्ये थोड्या वेळात बाद होणारा कोड असतो. पडदा दाखवण्याची परवानगी वेगळी आणि ताबा देण्याची वेगळी. मी तेच वापरले. दुसरी, कायमचा पासवर्ड ठेवून कधीही आत येण्याची सोय बंद करता येते का? घरच्या मदतीला तिची गरज नसते. तिसरी, ते कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घेतले आहे का आणि अद्ययावत आहे का? 'रस्टडेस्क'सारखे मुक्त साधन स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते, पण तो सर्व्हर सांभाळता येत असेल तरच. आणि विंडोजचे रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडे ठेवणे म्हणजे फाटक उघडे टाकून झोपणे.

तरीही पहारेकरी झोपला तर कुलूप काय करणार? 'क्विक असिस्ट'चाही भामट्यांनी गैरवापर केला आहे. म्हणून नियम एकच: मदत आपण मागायची, आपण ओळखत असलेल्या माणसाकडे. आपणहून फोन करून "मदत करतो" म्हणणाऱ्याला आत घ्यायचे नाही. चूक झालीच तर लगेच इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे आणि १९३० वर तक्रार करावी. लाजेपोटी गप्प बसू नये.

त्या संध्याकाळी आजोबांनी पासवर्ड स्वतःच टाकला. काम होईपर्यंत ते पडद्यासमोरून हलले नाहीत. शेवटी विचारले, "गेलास ना बाहेर?" मी हो म्हटल्यावरही त्यांनी स्वतः पाहून खात्री केली. नातवालाही सूट नाही! सुट्टीत घरोघरचे 'संगणक इंजिनीअर' आपणच असतो. हा पहारा आपल्या घरच्यांना शिकवणे हीसुद्धा आपली ड्यूटी आहे.