माहेरची गाणी रडगाणी नव्हेत

‘माहेरची गाणी म्हणजे नुसतं रडगाणं!’ हे वाक्य मी पुरुषांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि शिकल्यासवरल्या बायकांच्या तोंडून त्याहून जास्त. म्हणे आता फोन आले, गाड्या आल्या, माहेराची आठवण काढत बसायला वेळ कुणाला आहे? नसेल वेळ, तर नसो. पण पुरुषाची घराची ओढ म्हणजे इतिहास आणि बाईची ओढ म्हणजे रडगाणं, हा कुठला न्याय?

घराच्या ओढीचं जगात गाजलेलं गाणं घ्या, ‘होम, स्वीट होम’. ते जॉन हॉवर्ड पेन या अमेरिकन नाटककाराने लिहिलं, हेन्री बिशपने त्याला चाल दिली. १८२३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ‘क्लारी’ या संगीतिकेत ते पहिल्यांदा गायलं गेलं. गाते कोण? घर सोडून सरदाराच्या वाड्यात आलेली खेड्यातली पोर. ओढ मुलीची, नाव पेनचं! तो १८५२ मध्ये ट्युनिसला वारला, आणि एकतीस वर्षांनी त्याच्या अस्थी मायदेशी नेल्या गेल्या.

आपल्याकडे १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांना सुचलेलं सागराचं गीत मुलं पाठ म्हणतात. म्हणावंच, मलाही ते ऐकून भरून येतं. त्याला कुणी रडगाणं म्हणत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता आपल्या पेडणे-डिचोलीकडे या. हे तालुके पोर्तुगिजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी इथे सावंतवाडीच्या भोसल्यांचा अंमल. राज्य बदललं, सोयरिकी बदलल्या नाहीत. तेरेखोलच्या अल्याडची लेक पल्याड, पल्याडची अल्याड. पुढे १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि पाठोपाठ भारताने सीमा बंद केली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत परवान्यावाचून जाणंयेणं नाही. सासर पेडण्याला आणि माहेर सावंतवाडीला, अशा बाईच्या वाटेत नुसती नदी नव्हती, दोन सरकारं उभी होती.

पत्रादेवीला हुतात्म्यांचं स्मारक आहे, ते हवंच. पण त्या सहा वर्षांत पौषातल्या रात्री धालोच्या मांडावर समोरासमोर रांगा धरून बायका माहेराचं नाव घेत होत्या, त्याला साक्ष म्हणून कुणी ऐकलं? बंद सीमा वर्तमानपत्रात आली. तिच्यामुळे अडलेली लेक फक्त गाण्यात उरली, आणि गाणं आपण रडगाणं म्हणून सोडून दिलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘अहो, ती गाणी निनावी, परंपरागत.’ निनावी कशी? म्हणणारीला नाव होतं, गाव होतं. आपण विचारलं नाही! बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्यांच्या ओव्या घरच्यांनी कागदावर उतरवल्या, मुलगा सोपानदेव स्वतः कवी, म्हणून त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ज्यांच्या घरात असा मुलगा नव्हता, त्या काय कमी प्रतिभेच्या होत्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही टिपून ठेवलं. म्हणजे करायचं म्हटलं की होतं.

आपल्या श्राविका मंडळांना तर हे सांगायलाच नको. आपण स्तवनं म्हणतो, तेव्हा शेवटच्या कडव्यात कर्त्याचं नाव येतं आणि आपण ते आदराने उच्चारतो. मग शेजारच्या आवाठातली म्हातारी फुगडीचं नाहीतर धालोचं गाणं म्हणते, तिचं नाव आपल्याला का नको?

मला स्पर्धेतली दहा मिनिटांची धालो नको, रंगमंचावरचं नऊवारीचं प्रदर्शनही नको. मला वही हवी आहे. या पौषात पेडण्याला, डिचोलीला जिचं माहेर किंवा सासर आहे, तिने एक वही घ्यावी. गाणं लिहावं. गाणारीचं पूर्ण नाव लिहावं, सासरचं गाव लिहावं, आणि त्याच्या आधी माहेरचं. पेनच्या अस्थी घरी न्यायला एक देश पुढे आला. आपल्या आज्यांना घरी न्यायला पेन्सिलही पुरेल.