राजकारण वगळून वाचलेला राष्ट्राध्यक्ष

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मला राजकारणात रस नाही. पेपर आला की व्यापाराचं पान, मग निधनवार्ता, मग शब्दकोडं, एवढंच माझं वाचन. टीव्हीवर चर्चा सुरू झाली की मी चपला घालून सूरसागरच्या बाजूला फिरायला निघतो. निवडणुकीला मत देतो, बोटाला शाई लागते, विषय संपला. असा माणूस बराक ओबामांचं ‘अ प्रॉमिस्ड लँड’ हे सातशेहून जास्त पानांचं इंग्रजी पुस्तक दीड महिना उशाशी घेऊन बसला, याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं. पुस्तक भाच्यानं अमेरिकेहून आणलं होतं. म्हणाला, “मामा, यात बँकांचं पुष्कळ आहे, वाचून बघा.”

वाचून झाल्यावर माझं मत असं झालंय की, राजकारणात रस नसलेल्या माणसांनी हे पुस्तक जरूर वाचावं. २०२० च्या नोव्हेंबरात ते आलं, तेव्हा आपल्याकडे त्यातल्या आपल्या पुढाऱ्यांबद्दलच्या दोन-चार वाक्यांवरून केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? गदारोळ करणाऱ्यांपैकी कितीजणांनी बाकीची पानं उलटली असतील देव जाणे. ज्याला बाजू घ्यायची असते तो आपल्या बाजूची ओळ शोधतो. आपल्यासारख्याला कुठलीच ओळ शोधायची नसते, त्यामुळे आपण पुस्तक वाचतो.

मला पहिल्यांदा धरून ठेवलं ते ओबामांच्या आजीनं. आईची आई, मॅडलिन डनहॅम. घरात तिला ‘टूट’ म्हणायचे. कॉलेजची पदवी नाही. महायुद्धात विमानाच्या कारखान्यात तपासनीस होती. पुढे १९६० साली होनोलुलूला बँक ऑफ हवाईत नोकरीला लागली आणि १९७० मध्ये त्या बँकेच्या पहिल्या काही स्त्री व्हाइस प्रेसिडेंटांपैकी एक झाली. आजोबांचा पगार कमी, घर चालायचं ते आजीच्या पगारावर. नातू सांगतो की, जी माणसं तिनं हाताखाली शिकवून तयार केली तीच पुढे तिच्या वर जाऊन बसली.

हे वाचताना मला आमच्या शाखेतल्या एक मॅडम आठवल्या. बॅलन्सिंगमध्ये त्यांचा हात कुणी धरत नसे. वर्षअखेरीला रात्री दहा वाजता पाच पैशाचा फरक सापडत नसला की, मॅनेजर त्यांच्याच टेबलाशी जायचे. पण आमच्या वेळी प्रमोशन म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे कुठलंतरी लांबचं गाव. घरी सासू-सासरे, दोन मुलं. त्यांनी कधी परीक्षेचा फॉर्मच भरला नाही. त्यांनी शिकवलेली आम्ही तीन-चार पोरं पुढे ऑफिसर झालो, त्या मात्र जिथं होत्या तिथूनच रिटायर झाल्या. त्यावर कुणी ओळसुद्धा लिहिली नाही. टूटचं नशीब थोर की, नातू राष्ट्राध्यक्ष झाला. मात्र निकाल तिला बघायला मिळाला नाही. ४ नोव्हेंबर २००८ ला मतदान आणि दोनच दिवस आधी ती गेली. त्याआधी ऑक्टोबरात ऐन प्रचार सोडून तो तिला भेटून आला होता, एवढंच समाधान.

आई, अॅन डनहॅम, हीसुद्धा बँकेशी संबंधित निघाली. मानववंशशास्त्र शिकलेली, जावातल्या लोहारकामावर तिचा प्रबंध होता आणि बँक राक्यात इंडोनेशिया या सरकारी बँकेत ती लघुकर्जाच्या कामावर सल्लागार होती. १९९५ मध्ये बावन्नाव्या वर्षी कॅन्सरनं गेली. शेवटच्या आजारात विमा कंपनीशी पत्रव्यवहार चालू होता, कारण कंपनीचं म्हणणं ‘आजार आधीपासून होता.’ हे वाक्य आपल्यातल्या किती घरांनी मेडिक्लेमच्या वेळी ऐकलंय! मार्च २०१० मध्ये आरोग्य विम्याच्या ज्या कायद्यावर त्यांनी सही केली, त्यात हे कारण दाखवून विमा नाकारायला बंदी आली. संसदेतली त्याची ओढाताण शेकडो तपशिलांसह पुस्तकात आहे. ती मी भराभर उलटली, तुम्हीही उलटा, काही बिघडत नाही.

पण बँकांचा भाग मात्र सावकाश वाचला, पेन्सिल घेऊन. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली. ऑक्टोबरात बँका वाचवायला ७०,००० कोटी डॉलरची तरतूद झाली. २० जानेवारी २००९ ला हे गृहस्थ खुर्चीवर बसले, तेव्हा पुढ्यात हीच फाइल. मुळात झालं काय होतं, ते आपल्या भाषेत सांगतो. आपल्याकडे घरकर्ज द्यायचं म्हणजे पगाराची स्लिप, फॉर्म सोळा, टायटल क्लिअर आहे का, जामीनदार कोण, सगळं बघून मग नोट वर पाठवायची, कारण हप्ते थकले तर खातं आपल्याच शाखेत राहणार. तिथं कर्ज देणारा ते कर्ज पुढे विकून मोकळा व्हायचा. हजारो कर्जांची मोट बांधायची, त्यावर उत्तम दर्जाचा शिक्का घ्यायचा आणि जगभर विकायची. परतफेड होईल का, ही चिंता ज्यानं कर्ज दिलं त्याला उरलीच नाही. मग उत्पन्नाचा कागदही न बघता कर्जं वाटली गेली, यात नवल काय?

ओबामांच्या माणसांनी काय केलं, तर १९ मोठ्या बँकांची तपासणी केली. परिस्थिती आणखी बिघडली तर किती भांडवल लागेल, ते काढलं आणि मे २००९ मध्ये आकडे जाहीर केले. दहा बँकांना मिळून सुमारे ७,५०० कोटी डॉलर कमी पडत होते. आकडा कळला आणि बाजार शांत झाला. हे मला पटतं. खातेदाराला घबराट होते ती अंधारात. खड्डा किती खोल आहे ते दिसलं की, माणूस निम्मा सावरतो. बँकांना दिलेला पैसाही पुढे बहुतांशी परत आला, वर कमाई झाली.

आता जिथं माझं त्यांच्याशी जमत नाही ते सांगतो. एआयजी नावाची विमा कंपनी सरकारनं प्रचंड पैसा घालून वाचवली आणि तिच्याच लोकांनी त्या मार्चमध्ये सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस घेतले. लोक खवळले. ओबामाही चिडले, पण करार आहेत, कायदा आहे, मोडतोड केली तर यंत्रणाच कोसळेल, असा त्यांचा विचार. आपण त्या वेळी अधिक कठोर व्हायला हवं होतं का, असा प्रश्न ते स्वतःच पुस्तकात विचारतात, आणि साधारण उत्तर येतं की आपला पिंड तसा नव्हता.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. आमच्याकडे खातं बुडालं की ‘स्टाफ अकाउंटेबिलिटी’ निघायची. शिफारस कुणी केली, मंजुरी कुणी दिली, पाहणीला कोण गेलं होतं. निवृत्तीला आठवडा राहिला असताना चार्जशीट हातात पडलेले सहकारी मी पाहिलेत, तेही दोन-तीन लाखांच्या कर्जापायी. आणि तिकडे कोट्यवधींची घरं जप्तीला लावणारे बोनस घेऊन घरी गेले. बँका वाचवल्या, योग्यच केलं. शाखा बंद ठेवून कुणाचं भलं होत नाही. पण सही करणाऱ्याला जाब विचारला नाही, तर पुढचा सही करणारा निर्ढावतो. इथं राजकारणाचा संबंध नाही, ही साधी हिशेबाची शिस्त आहे.

आणि तरीही मी त्या माणसाला मानतो, ते एका गोष्टीसाठी. ते लिहितात की, सोपे प्रश्न त्यांच्या टेबलापर्यंत यायचेच नाहीत, ते खालीच सुटायचे. वर यायचं ते, ज्याला धड उत्तरच नाही असं. शाखेत सुटणारं प्रकरण रिजनल ऑफिसला जात नाही, तसंच हे. मग शंभर टक्के खात्रीची वाट न बघता, जमेल तेवढी माहिती घेऊन सही करायची आणि रात्री झोप लागावी. रोज रात्री सामान्य लोकांची दहा पत्रं वाचायचे. घरात सासूबाई राहायला होत्या, त्या व्हाइट हाऊसमध्येही आपले कपडे आपणच धुवायच्या. सिगारेटचा वास आला म्हणून थोरल्या मुलीनं तोंड वाकडं केलं, तेव्हा ती सुटली. २०१० मध्ये मुंबईला आले तेव्हा गावदेवीच्या मणिभवनात गांधीजींची बैठक, चरखे, जुना फोन बघत उभे राहिले, तेही एक छान पान आहे.

हे सगळं त्यांनी पिवळ्या कागदाच्या वहीवर हातानं लिहून काढलं. कॉम्प्युटरवर अर्धवट विचारही नीटनेटके दिसतात, असं त्यांचं म्हणणं. लेजर हातानं लिहिलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

माझे आजोबा गायकवाडी अमलात कोठीत कारकून होते. त्यांचा पगडी घातलेला एक फोटो आहे, नोकरीच्या हुकुमाचा कागद आहे, पण कुठल्या प्रकरणात काय वाटलं, कुणाची बाजू घेतली, का घेतली, याची एक ओळ नाही. आपल्या बडोद्याच्या, इंदूर-ग्वाल्हेरच्या बहुतेक घरांची हीच गत असणार. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात दफ्तरं सांभाळली आणि स्वतःचं दफ्तर कोरं ठेवलं. तुमच्यापैकी ज्यांनी शाळा चालवली, रेल्वेत, गिरणीत, कचेरीत सह्या केल्या, त्यांनी एक वही घ्यावी आणि लिहायला बसावं. कौतुकाचं थोडं कमी लिहा. कुठला निर्णय जड गेला आणि तो का घेतला, तेवढं मात्र नक्की लिहा. नातवंडांपैकी एखादं तरी वाचेलच.