एक ब्लेड, दहा गाल

दोस्तांनो, जेल म्हटलं की आपल्याला लाठी आठवते. ब्लेड आठवत नाही. मी ब्लेडबद्दल बोलणार आहे.

कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही. तिघांचे विषाणू रक्तावाटे पसरतात. एका ताटात जेवल्यानं नाही, हात मिळवल्यानं नाही, डासानं तर नाहीच. पसरतात ते एकाच सुईनं, एकाच वस्तऱ्यानं, निरोधाशिवायच्या संबंधानं. 'ब' तर इतका चिवट की वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. आता बराक डोळ्यांपुढं आणा. एक ब्लेड, दहा गाल. एक सुई, आणि हातावर 'जयभीम' गोंदवून घ्यायला बसलेली आपली पोरं. बाबासाहेबांचं नाव कातडीवर, आणि त्याच सुईतून यकृताचं दुखणं आत.

कोण असतं या बराकीत? 2022 च्या अखेरीस देशातल्या जेलांत 100 जणांच्या जागेत 131 कोंबलेले होते. दर 100 कैद्यांत 76 कच्चे. म्हणजे गुन्हा शाबीत नाही. लोकसंख्येत दलित जेवढे, त्याहून जेलात त्यांचा वाटा मोठा. हे सरकारचेच आकडे. जालन्यात सळईच्या कारखान्यात राबणारा पोरगा संशयावरून उचलला, तर त्याला जामीन कोण राहणार? सातबारा नाही म्हणून जामीनदार नाही. जामीनदार नाही म्हणून बराक. बराक म्हणून ब्लेड. मी याला आजार म्हणत नाही, वतन म्हणतो.

आत तरी जात सुटते का? झाडू कुणाच्या हाती, संडास कुणी उपसायचा, हे जेलच्या नियमपुस्तकांत जातीवर ठरत होतं. पत्रकार सुकन्या शांता कोर्टात गेल्या, तेव्हा कुठं 3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं. ज्याच्या हाती झाडू, टाकलेलं रक्ताळ ब्लेडही त्याच्याच बोटात घुसतं.

कुणी म्हणेल, तपासा सगळ्यांना आणि बाधितांना वेगळे टाका. थांबा. 1989 मध्ये गोव्यात डॉमनिक डिसोझा या तरुणानं रक्तदान केलं, रक्तात एचआयव्ही निघाला, आणि त्याला पोलिसांनी नेऊन जुन्या क्षय-रुग्णालयात 64 दिवस डांबलं. वेगळी बराक म्हणजे नवं गावकूस. ते आपल्याला नको.

मग पाहिजे काय? तपासणी, पण कैद्याच्या संमतीनं आणि गुप्त. कावीळ ब ची लस, कारण ती देशभर बाळांना 2011 पासून मिळू लागली. आजचे बहुतेक कैदी त्याआधीचे. सहा महिन्यांत तीन डोस लागतात, म्हणून मधेच सुटणाऱ्याच्या हातात कार्ड द्या. कावीळ क गोळ्यांनी साधारण 12 आठवड्यांत बरी होते, आणि 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते औषध फुकट आहे. एचआयव्हीचा 2017 चा कायदा तर कोठडीतल्या माणसालाही तपासणी आणि उपचारांचा हक्क देतो. शिवाय दर कैद्याला स्वतःचं ब्लेड आणि निरोध. 'जेलात असलं काही होत नाही' हे साहेबी उत्तर आपण ऐकून घ्यायचं नाही.

हर्सूलला, जालन्याला, कुठंही मुलाखतीला जाल, तेव्हा बिस्किटाच्या पुड्याबरोबर एक प्रश्नही न्या : दाढीचं ब्लेड कुणाचं? उत्तर मिळेना तर अर्ज टाका. तरी मिळेना तर मोर्चा काढा.