लघुपट कोणाच्या नावावर?

महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांना लघुपट करायला लावण्याची पद्धत वाढते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पत्रकारितेच्या वर्गांत हे पूर्वीपासून होतं. आता इतर विषयांचे शिक्षकही पाच-सहा जणांचा गट करून दहा मिनिटांची फिल्म आणायला सांगतात. पण गुण द्यायची वेळ आली की दिग्दर्शकाला पुढे बोलावलं जातं, कथेबद्दल त्याच्याशीच बोलणं होतं आणि बाकीच्यांच्या नावापुढे सरसकट सारखे आकडे पडतात. मी ध्वनिमुद्रणाचं काम करते, अधूनमधून शिकवायलाही जाते. हे चित्र पाहिलं की मला वाईट वाटतं आणि रागही येतो. गटाने सिनेमा करताना मुलं जे शिकतात, त्याची दखलच कुणी घेत नाही.

मे २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागात पहिलं पारितोषिक पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या कन्नड लघुपटाला मिळालं. दिग्दर्शक चिदानंद नाईक यांचं नाव सगळीकडे छापून आलं आणि ते यायलाच हवं होतं. पण ही फिल्म दूरचित्रवाणी विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातला वर्षअखेरचा एकत्रित प्रकल्प होती. छायाचित्रण सूरज ठाकूर यांचं, संकलन मनोज व्ही. यांचं, ध्वनी अभिषेक कदम यांचा. चार शाखांचे चार विद्यार्थी आणि चौघांवर आपापल्या शाखेची जबाबदारी. गोष्ट अशी, की एक म्हातारी कोंबडा चोरते आणि गावात सूर्यच उगवत नाही. जिथे उजाडतच नाही, अशी गोष्ट पडद्यावर आणायची तर छायाचित्रकार आणि ध्वनिमुद्रक यांच्यावर केवढा भार पडत असेल, याचा विचार परीक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाने करावा.

मी शिकत होते तेव्हा आमच्या गटाने मुक्कामी एसटीच्या कंडक्टरवर फिल्म केली होती. गाव पाटण तालुक्यातलं. रात्री गाडी येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, पहाटे गाडी परत निघते. त्या एका रात्रीची गोष्ट. तेव्हा तिकिटांचा ट्रे आणि पंच होता. गावातल्या एका निवृत्त कंडक्टरांनी आमच्या नटाला तो पंच ट्रेच्या कडेवर टकटक वाजवायला शिकवला, वेबिल कसं भरायचं तेही दाखवलं.

अडचण आली ती पिठाच्या गिरणीची. वीज संध्याकाळी यायची, आली की गिरणी सुरू व्हायची, आणि गिरणी एसटीच्या शेडला लागूनच. हेडफोन लावला की नटाचा एक शब्द धड ऐकू येईना. दिग्दर्शकाला तिन्हीसांजेच्या उजेडातच संवाद हवे होते. आमच्यात निर्मिती सांभाळणारा मुलगा फार बोलका नव्हता. तो गिरणीवाल्याकडे गेला. गिरणीवाले म्हणाले, “मी बंद करीन बाळा, पण डबे घेऊन थांबलेल्या बायांना विचार.” मग तो एकेकीशी बोलला. एका मावशींनी सरळ सांगितलं, “माझी ज्वारी दळून होऊ दे, मग काय ते कर.” त्यांच्या घरी भाकरीची वेळ झालेली होती, आणि आमच्या संवादापेक्षा ती महत्त्वाची होती. तो परत आला आणि आमचं वेळापत्रकच बदललं. गिरणी चालू असेपर्यंत ज्यांत बोलणं नाही ते शॉट घ्यायचे: हात, ट्रे, वळकटी. दळण संपल्यावर संवाद.

तोवर उजेड गेला होता. कॅमेरा करणारी मैत्रीण म्हणाली, शेडमधला पिवळा बल्ब आहे, त्याच्याखाली करू. कंडक्टर त्या बल्बखाली दिवसाची रोकड मोजतो आणि मोजता मोजता घरच्यांबद्दल बोलतो, हा प्रसंग तसा घडला. आमच्या फिल्ममधला सर्वांत चांगला प्रसंग तोच. तो पटकथेत नव्हता. त्याचा लेखक कोण म्हणायचा? माझ्या मते अर्धं श्रेय त्या न बोलणाऱ्या मुलाचं आहे, आणि गुणपत्रिकेत त्याला रकाना नव्हता.

काम संपल्यावर मी सगळ्यांना अर्धा मिनिट स्तब्ध उभं राहायला सांगितलं. ह्याला रूम टोन म्हणतात. त्या जागेची नुसती शांतता ध्वनिमुद्रित करायची, म्हणजे संकलनात दोन वाक्यांच्या मधल्या फटी तिने भरता येतात. बघायला जमलेली पोरंसुद्धा हलली नाहीत.

संकलनाच्या वेळी वाद झाले, बरेच झाले. पण कुठल्या गोष्टीत शेवटचा शब्द कोणाचा, हे आम्ही चित्रीकरणाआधी कागदावर लिहिलं होतं, म्हणून मैत्री टिकली. प्रत्येक गटाने हे करावंच.

कुणी म्हणेल, सिनेमाला एकाची नजर लागते. लागतेच. निर्णय एकाने घ्यावा, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण निर्णय घेणाऱ्याच्या एकट्याच्या नावावर सगळं काम चढवणं वेगळं. पुण्यातली ती फिल्म इन्स्टिट्यूट ज्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली उभी राहिली, त्या प्रभातची सुरुवात १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी केली होती. ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला, १९३७च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याचे दिग्दर्शक दोन, दामले आणि फत्तेलाल: एक प्रभातचा ध्वनी सांभाळणारे, दुसरे कलाविभाग. आपल्या सिनेमाची मुळं अशी असताना आपल्याच वर्गांत बूम, म्हणजे काठीवरचा माइक, धरणारी मुलगी ‘मदतनीस’ का ठरते?

आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये कॅमेरा आणि संकलन दोन्ही आहे. त्यामुळे एकच मुलगा सगळं करतो आणि बाकीच्यांची नावं श्रेयनामावलीत घालतो, असंही होतं. शिक्षकांना वेळ नसतो, एकेकाकडे कितीतरी गट असतात, हे मला माहीत आहे. म्हणून फिल्मसोबत कॉलशीट, साउंड रिपोर्ट, कंटिन्यूइटीची वही आणि संकलकाच्या नोंदी मागवा. मन लावून काम केलेल्या गटाकडे हे कागद असतातच. आणि दुसऱ्या सत्रात भूमिका बदला. दिग्दर्शन केलेल्याला बूम धरू द्या, त्याला ऐकायला येईल.

तोंडी परीक्षेला गट समोर बसला की पहिला प्रश्न निर्मिती सांभाळणाऱ्याला विचारा: चित्रीकरणासाठी कोणाकोणाला थांबायला सांगितलंस, आणि ते का थांबले?