उलटी सायकल आणि साखळीचा नियम



या वेळी वही-पेन्सिल जरा बाजूला ठेवा आणि घरातली सायकल अंगणात आणा. अंगण नसेल तर गॅलरी किंवा जिन्याखालची मोकळी जागाही चालेल. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. मागच्या टायरवर, व्हॉल्व्हच्या शेजारी, खडूने एक ठळक खूण करा. आता पेडलला सावकाश बरोबर एक फेरा द्या आणि खडूची खूण किती वेळा वर येते ते मोजा. बोटं मात्र चेनपासून लांब ठेवायची, बरं का!

काय दिसलं? पेडल फिरलं एकदा, पण मागचं चाक फिरलं दोन-अडीच किंवा तीन वेळा. का बरं? त्याचं उत्तर दात्यांमध्ये आहे. समजा, पेडलजवळच्या मोठ्या चाकाला ४८ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १६. पेडलचा एक फेरा झाला की चेनच्या ४८ कड्या पुढे सरकतात. मागच्या चाकाला मात्र १६ कड्यांमध्येच एक फेरा पुरा होतो. म्हणजे ४८ भागिले १६, तीन फेरे. तुमच्या सायकलचे आकडे वेगळे असतील, तेव्हा दाते स्वतः मोजा.

आता टायरभोवती एक दोरा गुंडाळा आणि त्याची लांबी मोजा. समजा, ती २ मीटर भरली. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात सायकल २ मीटर पुढे जाते. तर मग पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल?

तुम्ही म्हणाल, "यात काय विचारायचं? तीन फेरे, प्रत्येकी २ मीटर, झाले ६ मीटर." अगदी बरोबर! ३ आणि २ यांची बेरीज करून ५ म्हणावं, असं तुमच्या मनातसुद्धा आलं नाही. तुम्ही गुणाकार केलात, आणि तोही कुणी नियम न सांगता.

शाबास! आत्ता तुम्ही जे केलंत, तोच साखळीचा नियम. अकरावी-बारावीतल्या तुमच्या ताई-दादांना विचारा, ते त्याला 'चेन रूल' म्हणतात. कलन, म्हणजे कॉलेजात ज्याला कॅल्क्युलस म्हणतात, त्या विषयातला हा नियम पुष्कळांना नकोसा वाटतो. पाठ होतो, पण ऐन पेपरात दगा देतो. म्हणून आज त्याची नीट ओळख करून घेऊ. आठवी-नववीतल्यांनो, तुम्हीही थांबा. आज गुणाकाराच्या पलीकडे फारसं काही लागणार नाही.

सायकलच्या गणितात एक सोय होती. तिथे दर बदलत नव्हते. पहिला फेरा असो की शंभरावा, चाक तिप्पटच फिरणार. पण सगळ्याच गोष्टी अशा सरळ वागत नाहीत. चला, आता एखाद्या शांत तळ्याच्या काठावर जाऊ.

तळ्यात खडा टाका. पाण्यावर गोल तरंग उठतो आणि पसरत जातो. समजा, त्याची त्रिज्या दर सेकंदाला अर्धा मीटर वाढते. तर तरंगाच्या आतलं क्षेत्रफळ दर सेकंदाला किती वाढतं?

इथे दोन कड्या आहेत. वेळ बदलली की त्रिज्या बदलते, ही पहिली कडी. त्रिज्या बदलली की क्षेत्रफळ बदलतं, ही दुसरी. पहिल्या कडीचा दर आपल्याला ठाऊक आहे, अर्धा. दुसरीचा काढू या. त्रिज्या अगदी किंचित वाढली, की जुन्या वर्तुळाभोवती एक बारीक कडं तयार होतं. ते कडं कातरून सरळ केलं असं समजा. एक लांबलचक पट्टी मिळेल. तिची लांबी वर्तुळाच्या परिघाएवढी आणि रुंदी त्रिज्येतल्या वाढीएवढी. म्हणजे त्रिज्येत जेवढी वाढ, तिच्या परिघपट वाढ क्षेत्रफळात!

त्रिज्या साडेतीन मीटर असताना परीघ २ × २२/७ × ३.५, म्हणजे २२ मीटर. म्हणून त्या क्षणी क्षेत्रफळ वाढण्याचा वेग २२ × ०.५, म्हणजे सेकंदाला ११ चौरस मीटर. आणखी सात सेकंदांनी त्रिज्या ७ मीटर होईल. तेव्हा परीघ ४४ मीटर आणि वेग सेकंदाला २२ चौरस मीटर. तरंग त्याच गतीने पसरतोय, तरी क्षेत्रफळाचा वेग दुप्पट झाला!

तेव्हा दोन गोष्टी गाठीशी बांधा. एक, कड्यांचे दर एकमेकांना गुणायचे. दोन, प्रत्येक कडीचा दर त्या क्षणी ती कडी जिथे असेल तिथला घ्यायचा. बहुतेक जणांना पहिली गोष्ट आठवते आणि दुसरी निसटते. कशी निसटते ते आता पाहू.

दोन यंत्रं एकापुढे एक ठेवली आहेत अशी कल्पना करा. पहिल्या यंत्रात संख्या टाकली की ते तिचा वर्ग करून त्यात १ मिळवतं. जे उत्तर येईल ते थेट दुसऱ्या यंत्राच्या तोंडात पडतं. दुसरं यंत्र त्याचा घन करतं. आपण १ टाकला. पहिल्या यंत्रातून २ बाहेर पडले. दुसऱ्यातून ८. पुस्तकी भाषेत हे फल असं लिहितात: कंसात क्ष वर्ग अधिक १, आणि साऱ्या कंसाचा घन.

प्रश्न असा, की १ च्या जागी आपण किंचित मोठी संख्या टाकली, तर शेवटचं उत्तर त्या वाढीच्या किती पट वाढेल?

१ च्या ऐवजी १.००१ टाकून बघा. पहिल्या यंत्रातून २.००२००१ येतात. म्हणजे वाढ जवळजवळ दुप्पट झाली. पहिल्या कडीचा दर २. आता फक्त दुसऱ्या यंत्राकडे बघा. त्यात २ टाकले तर ८, आणि २.००१ टाकले तर ८.०१२००६००१. म्हणजे वाढ बारापट झाली. दुसऱ्या कडीचा दर १२. दुपटीची बारापट किती? चोवीसपट!

खात्री करून घ्यायची? १.००१ दोन्ही यंत्रांतून जाऊ द्या. २.००२००१ चा घन ८.०२४०३६ च्या आसपास येतो. वाढ ०.०२४ आणि वर थोडं काही. मूळ वाढ होती ०.००१. झाली की नाही चोवीसपट? ते 'वर थोडं काही' का उरलं, असं विचाराल. दर हा त्या क्षणापुरता असतो. वाढ जितकी बारीक घ्याल तितकं उत्तर २४ च्या जवळ सरकेल. उलट एकदम १ वरून २ वर उडी मारलीत, तर उत्तर ८ वरून १२५ वर जाईल आणि चोवीसपटीचा मागमूसही उरणार नाही.

आता पेपरात काय होतं बघा. एक विद्यार्थी लिहितो, "घनाचा दर, तीन गुणिले वर्ग." कंसात २ आहेत, म्हणून ३ × ४, उत्तर १२. हा गडी दुसऱ्याच यंत्रापाशी थांबला. पहिल्या यंत्राने वाढ आधीच दुप्पट केली होती, हे तो विसरला. सायकलच्या भाषेत सांगायचं तर त्याने चाकाचा घेर मोजला, पण दाते मोजलेच नाहीत.

दुसरा विद्यार्थी दोन्ही दर गुणतो. पण घनाचा दर काढताना कंसातले २ न घेता मूळचा १ घेतो. ३ × १ म्हणजे ३, आणि ३ × २ म्हणजे ६. नियम पाठ, तरी उत्तर चूक! याने एकच गोष्ट स्वतःला विचारायला हवी होती: दुसऱ्या यंत्राच्या तोंडात काय पडलं? १ त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. त्याला दिसले ते २. मग त्याचा दरही २ पाशीच काढायला हवा.

म्हणूनच पुस्तकातलं उत्तर असं दिसतं: ३ गुणिले कंसाचा वर्ग, गुणिले २क्ष. "शेवटचा २क्ष आला कुठून?" असं कित्येक मुलं विचारतात आणि "नियमच तसा आहे" म्हणून गप्प बसतात. आता तुम्ही गप्प बसू नका. २क्ष हा पहिल्या यंत्राचा दर आहे. आणि कंस जसाच्या तसा का ठेवला? कारण दुसऱ्या यंत्राला तोच दिसतो.

हा नियम वापरलेला पहिल्यांदा दिसतो तो जर्मनीच्या गॉटफ्रीड लायब्निट्झच्या १६७६ सालच्या एका टिपणात. वर्गमुळाच्या चिन्हाखाली एक लांबलचक राशी होती आणि तिचा दर त्याला काढायचा होता. गंमत म्हणजे त्या गणितात त्याच्या हातून अधिक-उण्याच्या चिन्हाची चूक झाली! तेव्हा तुमची एखादी चूक झाली तर फार मनाला लावून घेऊ नका. शोधून दुरुस्त करा, म्हणजे झालं. 'डीवाय बाय डीएक्स' ही लिहिण्याची पद्धतही लायब्निट्झचीच. त्या पद्धतीत हा नियम लिहिला की मधला 'डीयू' वर-खाली कापला गेल्यासारखा दिसतो. लक्षात ठेवायला ही युक्ती फर्मास आहे. पण तिला सिद्धता समजू नका. मधला बदल कधीकधी शून्यही असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही हे तुम्हाला सहावी-सातवीपासून माहीत आहे.

शून्यावरून आठवलं. सायकलची चेन उतरली की काय होतं? पेडल कितीही मारा, चाक ढिम्म! एका कडीचा दर शून्य झाला की सगळा गुणाकारच शून्य. कड्या लांबच लांब असल्या आणि प्रत्येकीचा दर अर्धा असला, तरी पंचाईतच. अशा दहा कड्यांनंतर मूळ बदलाचा १०२४ वा भाग उरतो.

ही पंचाईत थट्टेवारी नेण्याजोगी नाही. हस्ताक्षर ओळखणारे, भाषांतर करणारे आजचे संगणक अशाच लांब साखळ्यांवर चालतात. यंत्रापुढे यंत्र, त्यापुढे आणखी यंत्र, आणि प्रत्येकात फिरवायच्या असंख्य कळी. शेवटी उत्तर चुकलं, तर कुठली कळ किती फिरवायची हे कसं ठरवणार? शेवटच्या यंत्रापासून मागे मागे येत कड्यांचे दर गुणत जायचे! या कल्पनेवर आधीही काहींनी काम केलं होतं. पण १९८६ साली डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांनी 'नेचर' साप्ताहिकात तिच्यावर निबंध लिहिला आणि ती सर्वदूर पोचली. कड्या वाढल्या की गुणाकार विरून जातो, या अडचणीने मात्र संशोधकांना पुढे बरीच वर्षं छळलं. यांतल्या हिंटन यांना २०२४ साली जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर पदार्थविज्ञानाचं नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे बारावीत रुक्ष वाटणारा हा नियम आज संगणकांना शिकवण्याच्या कामी येतोय.

आता तुमची पाळी. संक्रांतीचा पतंग उडतोय. तो जमिनीपासून ३० मीटर उंचीवर आहे आणि त्याच उंचीवर राहून वाऱ्याबरोबर सेकंदाला २ मीटर या वेगाने तुमच्यापासून आडवा दूर चाललाय. मांजा अगदी ताठ आहे आणि तुमचा हात जमिनीलगत आहे असं समजा. पतंगाच्या बरोबर खालची जागा तुमच्यापासून ४० मीटरवर असेल, त्या क्षणी फिरकीतून मांजा सेकंदाला किती मीटर सुटत असेल?

पायथागोरसला हाक मारा. मांजाची लांबी वर्गमुळाच्या चिन्हाखाली जाऊन बसेल, लायब्निट्झच्या त्या राशीसारखी. मग कड्या मोजा आणि प्रत्येक कडीला विचारा, "तुझ्या तोंडात आत्ता काय पडलंय?" अकरावीच्या खालच्यांनी कॅल्क्युलेटर घ्यावा. अंतर ४० असताना मांजा किती आणि ४०.०१ असताना किती, ते काढून वाढ बघावी. दोघांचं उत्तर एकच यायला हवं. माझं उत्तर पुढच्या अंकात!

आणि हो, सायकल सरळ करून ठेवायला विसरू नका.